खेद की निषेध?

२ मार्च २०२२ हा राखेचा बुधवार होता. युक्रेनमधील शांततेसाठी त्या दिवशी सर्वांनी उपवास व प्रार्थना करावी, असे आवाहन पोप फ्रान्सिस यांनी केले होते. आवाहन झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २४ फेब्रुवारीस, रशियाचे सैन्य युक्रेनमध्ये शिरले. उपवासाचा दिवस उजाडेपर्यंत कीव, खारकीव ही एरवी कधी कानांवर न पडलेली नावे आमच्या तारकर्ली-देवबागच्या घराघरांत ओळखीची झाली होती.

त्या दिवशी मिस्सेपूर्वी युवक गटातील एका मुलीने श्रद्धावंतांच्या प्रार्थनेचा कागद माझ्या हाती दिला. त्यातील एक वाक्य असे होते : ‘रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणात बळी पडलेल्यांसाठी आपण प्रार्थना करू या.’ सॅक्रिस्टीत एक वृद्ध गृहस्थ उभे होते. त्यांची उमेदीची वर्षे भारतीय नौदलात, रशियन बनावटीच्या जहाजांवर गेलेली. ते हलक्या आवाजात म्हणाले, ‘‘फादर, रशियान आमका येळावर हात दिल्यान. त्येचा नाव कशाक घेतास?’’ मुलगी गप्प राहिली नाही. ‘‘मगे जे मरतत त्येंचा नाव कोणी घेवचा?’’ तिने विचारले.

मी दोघांकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि ‘रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणात’ हे शब्द खोडून वर ‘युद्धात’ एवढेच लिहिले. मिस्सा वेळेवर सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात वाचले की, त्याच बुधवारी न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत रशियाच्या आक्रमणाविषयीच्या ठरावावर मतदान झाले. ठरावाच्या बाजूने १४१ राष्ट्रे होती, विरोधात ५ आणि तटस्थ ३५. तटस्थांमध्ये भारत होता. तेव्हा मला जाणवले की, त्या दिवशी तारकर्लीत मीही तटस्थ राहिलो होतो. खोडलेला तो शब्द मनातून जाईना. रशियाने शेजाऱ्याच्या घरात सैन्य धाडले तेव्हा तेव्हा आपण, म्हणजे या देशाने आणि या किनाऱ्याने, काय म्हटले, हे मग मी सवडीनुसार वाचीत गेलो. त्यातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

अडीनडीचा मित्र

त्या वृद्ध गृहस्थांचे म्हणणे खोटे नव्हते, हे प्रथम मान्य केले पाहिजे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले आणि पोर्तुगीज पोलिसांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. वीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. आपल्या जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या पत्रादेवीला आज त्यांचे स्मारक उभे आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांसह काढलेल्या पत्रकात गोव्याचा उल्लेख पोर्तुगालचा प्रांत असा केला. याउलट त्याच सुमारास भारतभेटीवर आलेले सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह व बुल्गानिन यांनी गोवा आणि काश्मीर या दोन्ही प्रश्नांवर भारताची बाजू उघडपणे घेतली. ज्यांची सोयरीक गोव्यात होती आणि ज्यांची घरे सीमेच्या अलीकडे होती, त्यांच्या मनावर या दोन वागणुकींतील फरक कोरला गेला असल्यास नवल नाही.

डिसेंबर १९६१मध्ये भारतीय सैन्य गोव्यात गेले. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांनी सुरक्षा परिषदेत मांडलेल्या युद्धबंदीच्या व माघारीच्या ठरावास सात मते मिळाली, तरी सोव्हिएत युनियनच्या नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. त्याच दिवसांत सोव्हिएत राष्ट्रप्रमुख या नात्याने लिओनिद ब्रेझनेव्ह भारताच्या दौऱ्यावर होते. पुढे ९ ऑगस्ट १९७१ रोजी मैत्रीचा करार झाला आणि त्या वर्षीच्या डिसेंबरातील युद्धात सोव्हिएत नकाराधिकार तीनदा आपल्या मदतीस आला. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या आपल्या क्षेपणास्त्र नौका सोव्हिएत बनावटीच्या होत्या. त्या हल्ल्याच्या स्मरणार्थ ४ डिसेंबर हा नौदल दिन पाळतात. २०२३ साली तो आपल्याच तारकर्लीच्या किनाऱ्यावर, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीने साजरा झाला. मिग विमाने डोक्यावरून गेली तेव्हा ते वृद्ध गृहस्थ छातीवर पदके लावून वाळूत ताठ उभे होते. त्यांच्या कृतज्ञतेची थट्टा करण्याचा अधिकार मला नाही.

बुडापेस्ट

परंतु ज्या ख्रुश्चेव्ह यांनी १९५५ साली गोव्यातील जनतेच्या स्वातंत्र्याची बाजू घेतली, त्यांनीच पुढच्या वर्षी हंगेरीत रणगाडे पाठविले. २३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टमध्ये विद्यार्थी आणि कामगार रस्त्यावर आले. सोव्हिएत सैन्य परत जावे, मुक्त निवडणुका व्हाव्यात, या त्यांच्या मागण्या होत्या. पंतप्रधान इम्रे नॉज स्वतः कम्युनिस्ट होते, तरी त्यांनी अनेक पक्षांची राज्यपद्धती मान्य केली व हंगेरी वॉर्सा करारातून बाहेर पडत असल्याचे जाहीर केले. ४ नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएत रणगाडे पुन्हा शहरात शिरले. सुमारे अडीच हजार हंगेरियन माणसे मारली गेली आणि सुमारे दोन लाख देश सोडून गेली. नॉज यांना जून १९५८मध्ये फाशी देण्यात आली.

त्याच आठवड्यात इस्रायल, ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर हल्ला केला होता. त्याचा पं. नेहरूंनी तत्काळ व निःसंदिग्ध शब्दांत निषेध केला. हंगेरीबाबत मात्र भारताचा पाय अडखळला. दिल्लीत भरलेल्या युनेस्कोच्या परिषदेत ५ नोव्हेंबरला बोलताना नेहरूंनी इजिप्तबरोबर हंगेरीचेही नाव घेतले आणि दोन्हीकडे मानवी प्रतिष्ठेवर घाला पडत असल्याचे सांगितले. पण न्यूयॉर्कमध्ये सोव्हिएत माघारीची मागणी करणाऱ्या ४ नोव्हेंबरच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. ९ नोव्हेंबरच्या ठरावात संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली मुक्त निवडणुका घ्याव्यात असे कलम होते. भारताचे प्रतिनिधी व्ही. के. कृष्ण मेनन यांनी त्याविरुद्ध मत दिले. कम्युनिस्ट राष्ट्रांबाहेर असे मत देणारा भारत हा एकटाच देश होता. बाहेरच्यांच्या देखरेखीखाली निवडणूक हे तत्त्व एकदा मान्य केले, तर उद्या तेच काश्मीरला लागू होईल, ही भीती त्यामागे होती.

यावर देशात मोठा वाद झाला. जयप्रकाश नारायण यांनी नेहरूंवर उघड टीका केली. या वेळी गप्प राहणे म्हणजे एका शूर जनतेच्या गुलामगिरीस साहाय्य करणे होय, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. डिसेंबरपर्यंत नेहरूंचाही सूर पालटला आणि उठाव हंगेरीच्या जनतेचाच होता, हे त्यांनी मान्य केले. संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांना हंगेरीने प्रवेश द्यावा, असा ठराव भारताने सिलोन व इंडोनेशियासह स्वतः मांडला. मात्र १२ डिसेंबरला सोव्हिएत कृतीचा ‘निषेध’ करणारा ठराव आला, तेव्हा भारत पुन्हा तटस्थ राहिला.

महाराष्ट्रात या वादाला आणखी एक अवघड बाजू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी, म्हणजे बुडापेस्टमध्ये रणगाडे शिरण्याच्या तीनच दिवस आधी, विशाल द्विभाषिक मुंबई राज्य मराठी माणसावर लादले गेले होते. त्याविरुद्ध लढणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीत प्रजा समाजवादी पक्षाचे एस. एम. जोशी आणि कम्युनिस्ट पक्षाचे श्रीपाद अमृत डांगे एकाच व्यासपीठावर होते. हंगेरीच्या प्रश्नावर समाजवाद्यांनी सोव्हिएत कृतीचा धिक्कार केला, तर कम्युनिस्ट पक्ष मॉस्कोच्या पाठीशी उभा राहिला. तरीही समिती फुटली नाही. मतभेद न लपवता दोघांनी मराठी राज्याची दोरी एकत्र ओढली. आपल्याकडे रापण ओढताना वाळूवर दोन टोकांना दोन रांगा उभ्या असतात. एका रांगेतील माणसाचे दुसऱ्या रांगेतील माणसाशी भांडण असले, म्हणून जाळे समुद्रात सोडून देत नाहीत.

१९५७च्या निवडणुकीत समितीच्या पाठिंब्यावर आपल्या राजापूर मतदारसंघातून प्रजा समाजवादी पक्षाचे बॅ. नाथ पै लोकसभेवर गेले. हा वेंगुर्ल्याचा मुलगा तेव्हा पस्तिशीचाही नव्हता. १९५४पासून तो समाजवादी युवकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष होता आणि त्याची पत्नी ऑस्ट्रियाची होती. हंगेरीतून पळालेले बहुतेक निर्वासित प्रथम ऑस्ट्रियातच पोहोचले होते. त्याच निवडणुकीत उत्तर मुंबईतून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले ते कृष्ण मेनन! हंगेरीवरील ज्या मतदानाने देश ढवळून निघाला, ते मत देणारा आणि त्या मताला विरोध करणाऱ्या पक्षाचा तरुण वक्ता, या दोघांनाही एकाच वर्षी मराठी मुलखाने दिल्लीला धाडले.

आता नाण्याची दुसरी बाजू. भारत आमसभेत अडखळत होता, त्याच काळात बुडापेस्टमधील भारताचे प्रभारी राजदूत एम. ए. रहमान हंगेरियन लेखक-विचारवंतांशी गुपचूप संपर्क ठेवून होते. इश्त्वान बिबो यांचा तडजोडीचा मसुदा अर्पाद गोंत्स यांनी त्यांच्याकडेच पोहोचविला. पुढे या दोघांवर खटला चालला. त्यांची फाशी टळून १९५८मध्ये त्यांना जन्मठेप झाली. नेहरूंनी पडद्याआड घातलेल्या शब्दाचा त्यात मोठा वाटा होता, असे हंगेरीत आजही कृतज्ञतेने सांगतात. १९९० साली हेच गोंत्स स्वतंत्र हंगेरीचे राष्ट्राध्यक्ष झाले. मोठ्याने न बोललेला शब्दही कधी कधी माणूस वाचवितो, हे या इतिहासात नोंदलेच पाहिजे.

गोव्याचा प्रश्न आपल्यालाही विचारला गेला

डिसेंबर १९६१मध्ये पाश्चात्त्य देशांनी आपल्याला विचारले : हंगेरीत सैन्य गेले ते वाईट, तर गोव्यात गेले ते चांगले कसे? हा प्रश्न आपल्या कॅथलिक कुटुंबांना विशेष टोचणारा होता. अनेकांचे नातलग सीमेपलीकडे होते आणि सर्वांचे मत एक नव्हते. त्या दिवसांत ख्रिस्ती माणसाच्या निष्ठेकडे संशयाने पाहणारे शेजारीही काहींना भेटले.

प्रश्नाला उत्तर आहे, पण ते प्रामाणिकपणे दिले पाहिजे. गोवा हे कोणा स्वतंत्र राष्ट्राचे घर नव्हते. १५१०पासून तेथे परकी सत्ता होती. ते स्वशासन नसलेले प्रदेश असल्याचे संयुक्त राष्ट्रांनी १९६०च्या डिसेंबरात ठरावाने मान्य केले होते आणि चौदा वर्षे पोर्तुगालने बोलणी नाकारली होती. तरीही केवळ एवढ्याने माझे समाधान होत नाही. माझ्या मते खरी कसोटी पुढची आहे : सैन्य आल्यानंतर तेथील लोकांना बोलू दिले काय? गोव्यात डिसेंबर १९६३मध्ये निवडणूक झाली. १६ जानेवारी १९६७च्या जनमत कौलात, महाराष्ट्रात विलीन व्हायचे नाही, असा कौल गोमंतकीयांनी दिला. महाराष्ट्रातील अनेकांना तो कडू लागला. आपल्या बाजूच्याही पुष्कळांची निराशा झाली. पण तो कौल पाळला गेला. हंगेरीतील माणसाला मुक्त निवडणुकीत मत देण्यासाठी १९९० उजाडावे लागले. झेकोस्लोव्हाकियाचेही तसेच. चौतीस वर्षे थांबलेल्या त्या मतपेटीत दोन घटनांमधील फरक सापडतो. आणि १९५६ साली आपण ज्या कलमाविरुद्ध मत दिले, ते नेमके मतपेटीचेच कलम होते, ही गोष्ट मनाला लागून राहते.

एका शब्दावर अडलेले मत

गोवा मुक्त झाला त्या दिवसांत आपले पाहुणे असलेले ब्रेझनेव्ह १९६८ साली सोव्हिएत युनियनचे सर्वेसर्वा होते. झेकोस्लोव्हाकियात अलेक्झांडर दुबचेक यांनी वृत्तपत्रांवरील बंधने उठविली आणि मानवी चेहऱ्याचा समाजवाद आणण्याचा प्रयत्न चालविला. २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत, पोलिश, बल्गेरियन व हंगेरियन सैन्य त्या देशात शिरले. बारा वर्षांपूर्वी ज्यांच्या राजधानीत रणगाडे शिरले होते, त्या हंगेरीचे सैनिक आता दुसऱ्याच्या देशात चालून गेले.

इंदिरा गांधींनी २१ ऑगस्टला संसदेत निवेदन करून परकी सैन्य लवकरात लवकर परत जाईल, अशी आशा व्यक्त केली. निषेधाचा शब्द त्यात नव्हता. सुरक्षा परिषदेत निषेधाचा ठराव आला तेव्हा दहा मते बाजूने, दोन विरोधात पडली आणि तीन देश तटस्थ राहिले : भारत, पाकिस्तान व अल्जीरिया. भारताचे म्हणणे असे होते की, इंग्रजी मसुद्यात ‘कण्डेम’ हा शब्द आहे, त्याऐवजी ‘डिप्लोर’ घालावा. मराठीत सांगायचे तर निषेधाच्या ऐवजी तीव्र खेद. तो बदल झाला नाही, म्हणून आपण हात वर केला नाही.

या एका शब्दावरून दिल्लीत वादळ उठले. ज्यांनी १९३२-३३मध्ये नाशिकच्या तुरुंगात समाजवादाची स्वप्ने पाहिली, १९५४ साली भंडाऱ्यातून ज्यांना मराठी मतदारांनी लोकसभेवर पाठविले आणि जे पुढे काँग्रेसमध्ये जाऊन केंद्रीय मंत्री झाले, त्या अशोक मेहतांनी याच कारणासाठी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. परदेशातील लोकांवरील अन्यायासाठी खुर्ची सोडणारी माणसे आपल्या राजकारणात मोजकीच. प्रजा समाजवादी पक्षाने सोव्हिएत कारवाईचा धिक्कार केला. लोकसभेत परराष्ट्र धोरणावर बोलणारा त्या पक्षाचा सर्वांत परिचित आवाज होता आपल्या खासदाराचा, बॅ. नाथ पै यांचा. हा पक्ष सोव्हिएत उपकार विसरला होता असे नाही. गोव्याच्या सत्याग्रहात त्याच्या कार्यकर्त्यांनी लाठ्या खाल्ल्या होत्या, तुरुंग भोगला होता. गोव्यासाठी वापरलेल्या नकाराधिकाराचे मोल या मंडळींना दिल्लीतील कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते. तरीही त्यांनी प्रागला प्राग म्हटले. माझ्या सॅक्रिस्टीतील प्रश्नाला आपल्या किनाऱ्याने निवडून दिलेल्या माणसांनी अर्ध्या शतकापूर्वीच उत्तर दिले होते, आणि ते मला ठाऊक नव्हते.

सरकारची बाजूही समजून घेतली पाहिजे. १९६२च्या पराभवाच्या जखमा ताज्या होत्या, चीन उत्तरेस उभा होता आणि शस्त्रांसाठी मॉस्कोवाचून फारसा इलाज नव्हता. त्याच उन्हाळ्यात मॉस्कोने पाकिस्तानलाही शस्त्रे देण्याचे ठरविले होते. मित्र आणखी दुरावू नये, ही चिंता खरी होती. गरीब घरातील कर्त्या माणसाला सावकारासमोर मोजून बोलावे लागते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

परंतु त्या शब्दाची कथा तेथे संपत नाही. डिसेंबर १९७९च्या अखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरले. १४ जानेवारी १९८० रोजी आमसभेत जो ठराव आला, त्यात निषेध नव्हता. सोव्हिएत युनियनचे नावदेखील नव्हते. सशस्त्र हस्तक्षेपाविषयी तीव्र खेद व्यक्त केला होता, म्हणजे १९६८ साली आपण मागितलेला तोच ‘डिप्लोर’ शब्द तेथे होता. १०४ राष्ट्रांनी बाजूने मत दिले. भारत तटस्थ राहिला. २ मार्च २०२२च्या, म्हणजे त्या राखेच्या बुधवारच्या ठरावातही शब्द तोच होता, ‘डिप्लोर’. या वेळी रशियाचे नाव होते. भारत पुन्हा तटस्थ राहिला.

हा क्रम मी प्रथम जुळविला तेव्हा कितीतरी वेळ कागदाकडे पाहत बसलो. कडक शब्द नको, मवाळ शब्द हवा, असे आपण एकदा म्हटले. मवाळ शब्द मिळाला तेव्हा तोही आपल्या तोंडून निघाला नाही. तेव्हा अडचण शब्दाची नव्हती. ज्याचे देणे लागतो त्याच्यासमोर बोलण्याची सवयच मोडली होती.

ख्रिस्तसभेचीही तीच परीक्षा

सरकारांना बोल लावणे सोपे आहे. म्हणून आपल्या घरातलेही सांगतो. हंगेरीच्या उठावात पोप बारावे पायस यांनी २८ ऑक्टोबर ते ५ नोव्हेंबर १९५६ या नऊ दिवसांत तीन विश्वपत्रे काढली. हंगेरीचे कार्डिनल मिंझेन्टी उठावामुळे तुरुंगातून सुटले होते. ४ नोव्हेंबरला त्यांनी अमेरिकी वकिलातीत आश्रय घेतला आणि तेथे ते पंधरा वर्षे राहिले. त्यांचे तेथे असणे हाच सत्तेविरुद्धचा एक न संपणारा निषेध होता.

पुढे काळ बदलला. देशातील धर्मप्रांतांना बिशप हवे होते, श्रद्धावंतांना संस्कार हवे होते. मॉन्सिन्योर कासारोली यांच्या प्रयत्नांनी १९६४ साली व्हॅटिकनचा हंगेरीच्या कम्युनिस्ट सरकारशी समझोता झाला. १९७१मध्ये मिंझेन्टी यांनी जड अंतःकरणाने देश सोडला आणि नंतर पोप सहावे पॉल यांनी त्यांचे पद रिक्त जाहीर केले. वृद्ध कार्डिनल फार दुखावले. व्हिएन्नात, परक्या भूमीत, १९७५ साली त्यांचा अंत झाला. समझोत्यामुळे हंगेरीत दिवे तेवत राहिले, असे एक बाजू म्हणते. साक्ष देणाऱ्याला बाजूला सारले, असे दुसरी बाजू म्हणते. दोन्हींत तथ्य आहे. पोप फ्रान्सिस यांच्याबाबतही असाच वाद झाला. युद्धाच्या दुसऱ्याच दिवशी ते स्वतः रशियाच्या वकिलातीत गेले. २५ मार्च २०२२ रोजी त्यांनी रशिया व युक्रेन ही दोन्ही राष्ट्रे पवित्र मरियेच्या निष्कलंक हृदयाला समर्पित केली. आणि २०२४मध्ये पांढऱ्या निशाणाविषयीच्या त्यांच्या उद्गारांनी युक्रेनमधील कॅथलिक मने दुखावली. मध्यस्थी करू पाहणाऱ्याला दोन्ही दारे उघडी ठेवावी लागतात, आणि दार उघडे ठेवताना कोणाचे तरी बोट त्यात चिमटते.

नाव घेण्याची गोष्ट

२०२२ नंतरच्या आपल्या धोरणाचेही असेच दोन रंग आहेत. युक्रेनमध्ये अडकलेल्या सुमारे साडेबावीस हजार भारतीयांना सरकारने परत आणले. त्यांत वैद्यकीय विद्यार्थ्यांचा भरणा मोठा होता. दोन्ही बाजूंशी बोलता येत होते म्हणून ते जमले. एप्रिल २०२२मध्ये लोकसभेत यावर चर्चा झाली, तेव्हा बुचा येथील हत्यांचा सरकारने निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीची मागणी केली. हत्या करणाऱ्याचे नाव मात्र घेतले नाही. सप्टेंबरात समरकंद येथे पंतप्रधानांनी रशियाच्या अध्यक्षांना समोरासमोर सांगितले की, हे युग युद्धाचे नाही. ऑगस्ट २०२४मध्ये ते कीवला गेले. दुसरीकडे, युद्धापूर्वी आपल्या तेलाच्या आयातीत रशियाचा वाटा दोन टक्क्यांहूनही कमी होता, तो २०२३-२४पर्यंत तिसऱ्या हिश्शाहून अधिक झाला.

आमच्या नौदलवाल्या गृहस्थांशी या विषयावर मी अनेकदा बोललो. एकदा मी त्यांना विचारले, ‘आयएनएस विक्रमादित्य मुळात कोठे बांधली गेली?’ ते पटकन म्हणाले, ‘रशियात.’ ती दुरुस्त होऊन आली रशियातून, हे खरे. पण तिचा सांगाडा उभा राहिला तो मिकोलाइव येथील गोदीत. सोव्हिएत काळी आलेल्या आपल्या राजपूत वर्गाच्या विनाशिकाही त्याच शहरातील. रशियात बांधलेल्या आपल्या तलवार वर्गाच्या फ्रिगेटांची गॅस टर्बाइनेही मिकोलाइवचीच. हे शहर युक्रेनमध्ये आहे आणि २०२२ साली रशियाच्या तोफा त्याच्यावर आग ओकत होत्या. ज्याला आपण रशियाचा हात म्हणत आलो, त्या हातात युक्रेनच्या कामगाराचीही बोटे होती. ते ऐकून गृहस्थ बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले. उपकार फेडायचा तर तो नेमका कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हा आला असावा.

मित्राचे उपकार नाकारू नयेत. ते मोठ्याने सांगावेत, मुलाबाळांना सांगावेत. परंतु उपकाराची परतफेड मौनाने करता येत नाही. मित्र चुकतो तेव्हा ज्याचे शब्द त्याच्या कानी पडण्याचा थोडातरी संभव असतो, तो त्याचा ऋणी मित्रच. शत्रूने केलेला निषेध तो ऐकतो कशाला? ज्या समाजाचा आवाज लहान आहे, त्या आपल्यासारख्या लोकांना तर हे नीट कळायला हवे. आपल्यावर कधी वेळ आली, तर आपलेही नाव कोणीतरी घ्यावे, एवढीच आपली अपेक्षा असते.

५ मार्च २०२५ रोजी पुन्हा राखेचा बुधवार आला. पोप फ्रान्सिस रोममध्ये रुग्णालयात होते. युद्धाला तीन वर्षे उलटली होती. श्रद्धावंतांच्या प्रार्थनेचा कागद या वेळी मी स्वतः लिहिला : ‘रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणात बळी पडलेल्या सर्वांसाठी, आणि ज्यांचे मुलगे परतले नाहीत त्या युक्रेनच्या व रशियाच्या आयांसाठी आपण प्रार्थना करू या.’

मिस्सा संपल्यावर ते वृद्ध गृहस्थ कपाळावर राख तशीच ठेवून दाराशी थांबले होते.

‘‘फादर, नाव घेतलास,’’ ते म्हणाले.

मी मान हलविली.

काठी सावरीत ते पायरी उतरले आणि मागे वळून म्हणाले, ‘‘त्येंच्या आयांचाय नाव घेतलास, ता बरा केलास.’’